बायपास झाली, आता पुढे?

मी जबलपूरहून बोलतोय. इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. २०१२ साली नागपुरात माझी बायपास झाली. आज ऑपरेशनबद्दल नाही, त्यानंतरच्या वर्षांबद्दल बोलायचंय.

"बायपास झाली, आता हृदय नवं झालं," असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तसं नसतं. गावातला रस्ता तुंबला की बाहेरून बायपास काढतात, पण आतला रस्ता तुंबलेलाच राहतो. हृदयाचंही तेच. जुनं ब्लॉकेज जागेवरच असतं. आणि ते ज्यांच्यामुळे झालं ते मधुमेह, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू नव्या रस्त्यालाही सोडत नाहीत.

हा नवा रस्ता बहुधा दोन प्रकारचा असतो. एक, छातीच्या आतल्या बाजूची धमनी. ती दहा वर्षांनंतरही शंभरातल्या नव्वदांहून जास्त जणांत चालू असते. दुसरी, पायातून काढलेली शीर. शीर मुळात कमी दाबाच्या रक्तासाठी असते. धमनीचा दाब सोसता सोसता तिची भिंत जाड होते, आत चरबी साठते. दहा वर्षांत अशा जवळपास निम्म्या शिरा बंद पडतात.

माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचंच बघा. पहिली बायपास १९९० मध्ये. जानेवारी २००९ मध्ये, ७६ व्या वर्षी, दिल्लीच्या एम्समध्ये मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा यांनी त्यांची दुसरी बायपास केली. त्याच वर्षी ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि ९२ वर्षांपर्यंत जगले. म्हणजे रस्ता पुन्हा तुंबू शकतो, पण वेळेत कळलं तर वाटही निघते.

माझ्या बाबतीत अकराव्या वर्षी ग्वारीघाटाच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. छातीत दुखलं अजिबात नाही. मला मधुमेह आहे, आणि मधुमेहात हृदयाचं दुखणं कधी कधी जाणवतच नाही. नुसता दम, घाम, थकवा. आमची ही म्हणाली, "वय झालं म्हणू नका, दाखवून या." अँजिओग्राफीत कळलं, पायाची एक शीर बंद होती, छातीतली धमनी उत्तम. औषधं बदलून भागलं.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. नाडी अनियमित वाटली, धडधड वाढली तर ईसीजी काढा. तशा ठोक्यांमुळे पक्षाघाताचा धोका असतो. दोन्ही पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली, तर हृदयाचं पंपिंग कमी झालेलं असू शकतं. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा मात्र अनेकांना राहतो, त्याला घाबरू नका. आणि ऑपरेशननंतर मन उदास राहिलं, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यात लाज कसली?

अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ७० च्या खाली हवं. बरेच डॉक्टर आता ५५ च्या खाली सांगतात. तंबाखू पूर्ण बंद. आमच्या जबलपूरची खोव्याची जिलेबी मी सोडून दिली, भंवरताल बागेतलं रोजचं चालणं मात्र सोडलं नाही.

शेवटी एक काम सांगतो. आज घरातली बायपासची फाईल काढा. किती ग्राफ्ट, छातीतली धमनी किती, पायाची शीर किती, कोणत्या वर्षी, हे एका कागदावर लिहा. एक प्रत पाकिटात ठेवा, एक मुलांना पाठवा. आणि दहा वर्षं उलटली असतील, तर त्रास नसला तरी डॉक्टरांची वेळ घ्या. अचानक छातीत दाब आला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मात्र वेळ घेत बसू नका. १०८ ला फोन करा.