पहिल्या प्रयोगाचा तोटा कोणीं सोसावा?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



नवीन धंदा काढा, नवीन शोध लावा, असा उपदेश आजकाल आपल्याला चोहोंकडून होत असतो. उपदेश करणारे गृहस्थ मोटारींतून येतात, हार घेतात आणि निघून जातात. पण नवीन गोष्ट करून पाहणाऱ्याचे पैसे बुडाले तर त्याच्या पोराबाळांनीं काय खावें, हें त्यांतला एकहि सांगत नाहीं. आज आम्ही तेवढ्याच एका प्रश्नावर बोलणार आहोंत.

आधीं आपल्याच मुलखाकडे पहा. १८७६-७७ च्या दुष्काळांत नीरेच्या डाव्या कालव्याचें काम सुरू झालें आणि १८८५ च्या सुमारास पाणी आलें. पाणी दाराशीं आलें म्हणून आपल्या वाडवडिलांनीं लगेच ऊंस लावला काय? नाहीं. पाऊस बरा झाला कीं कालव्याला कोणी विचारीत नसे. त्यांना अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले; आम्ही म्हणत नाहीं. ऊंस वर्ष-सव्वा वर्ष रानांत उभा राहतो. बेणें, खत, पेंड, मजुरी, पाणीपट्टी, मग चरक आणि गुऱ्हाळ. खर्च सगळा आधीं आणि पैसा सगळा मागून. गुळाचा भाव उतरला कीं जमीन सावकाराच्या घशांत. ज्वारी-बाजरी पिकवून कशीबशी चूल पेटती ठेवणाऱ्यानें भ्यावें, यांत नवल तें काय?

तो धोका पत्करला सासवडच्या माळ्यांनीं. विहिरीवरचा बागाईत त्यांच्या हाडींमाशीं भिनलेला. ते इकडे आले, आपल्या लोकांच्या जमिनी खंडानें घेतल्या आणि ऊंस उभा केला. पण ध्यानांत घ्या, ते एकएकटे आले नाहींत. भाऊबंद, सोयरेधायरे यांच्या आधारानें आले. कोणत्या रानाला किती खत लागतें, पाणी केव्हां तोडावें, गूळ कसा उतरवावा, हें एकाला उमगलें कीं दहा घरांना कळे. आपल्या माणसांनीं बांधावरून तें पाहिलें आणि मग हळूहळू स्वतःच्या रानांत ऊंस केला. पुढें जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले. तेव्हां ह्याच माळी मंडळींनीं १९३२ सालीं नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यांत माळीनगर येथें स्वतःच्या भांडवलानें साखर कारखान्याची कंपनी काढली. शेतकऱ्याला कारखाना चालवितां येत नाहीं, असें म्हणणाऱ्यांना तें उत्तर होतें. त्याच सुमारास इंदापूर तालुक्यांत कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनीं वालचंदनगर वसविलें. तेथें आधीं साखर झाली, मग साखर कारखान्यांचीं यंत्रें झालीं, आणि पुढें अवकाशांत जाणाऱ्या अग्निबाणांचे भाग तेथल्या कामगारांच्या हातून तयार झाले. कसब कोणा एका जातीची किंवा शहराची मिरास नाहीं, हें आणखी कोणत्या शब्दांत सांगावें?

आतां दुसरी बाजू. कालव्याचें पाणी बेसुमार दिल्यानें नीरेकांठचीं कित्येक रानें खारावलीं, चोपण झालीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० सालींच ह्या खाऱ्या जमिनींवर सविस्तर लिहून ठेवलें आहे. ऊंसाचा नफा मुलखानें मिरविला. पण ज्याच्या रानांत मीठ फुललें त्याचें नुकसान मात्र त्या एकट्याचें झालें. नफा सर्वांचा आणि तोटा एकाचा, असा हा हिशेब.

स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने निघाले; माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपति. हजारों शेतकऱ्यांनीं थोडें थोडें भागभांडवल घातलें, म्हणून एकट्याच्या मानेवरचें जूं हलकें झालें. आज तर बारामतींत साधनांची वाण नाहीं. १९७१ पासूनचा कृषि विकास ट्रस्ट आहे, त्याचें कृषि विज्ञान केंद्र आहे, नव्या धंद्यांना हात देणारें अटल इन्क्युबेशन केंद्र आहे. माळेगांव खुर्दला २००९ पासून राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. मुरमाड, खडकाळ जमिनींत काय पिकेल ह्याचा शोध ती घेते. ऊंसाला पाणी केव्हां द्यावें हें मातींतल्या यंत्रावरून व उपग्रहाच्या चित्रांवरून हिशेब करून मोबाईलवर कळविण्याचा प्रयोगहि येथेंच झाला. हें सर्व चांगलें आहे. आम्ही त्याला नांवें ठेवीत नाहीं.

पण त्या दारांतून आंत कोण जातो? ज्याच्या सातबाऱ्यावर बऱ्यापैकीं क्षेत्र आहे तो. समजा, गांवच्या लोहारानें पाचट कुट्टी करणारें स्वस्त अवजार बनविण्याचें मनांत घेतलें. त्याला ऊंसाची नड ठाऊक आहे, लोखंडाची जात ठाऊक आहे. पण सोसायटी कर्ज देते तें जमिनीवर व पिकावर. त्याच्याजवळ भाता आहे, वेल्डिंगचें यंत्र आहे, सातबारा नाहीं. मग तो बायकोची बोरमाळ गहाण टाकतो. पहिलें अवजार मोडतें, कारण पहिलें अवजार मोडतच असतें. दुसरें करायला पैसा उरत नाहीं, आणि गांव म्हणतें, लोहाराला नसते उद्योग सुचले! तीच गत सुपें-मोरगांवकडच्या जिराईत शेतकऱ्याची. तीच त्या बाईची, जी सबंध शेती ओढते पण जिचें नांव उताऱ्यावर नाहीं. दर जानेवारींत भरणाऱ्या कृषि प्रदर्शनांत आपण सारे जातों आणि हिरवीगार पिकें पाहून येतों. आमच्या मतें तेथें एक वाफा फसलेल्या प्रयोगांचाहि असावा. त्यापुढें गर्दी जास्त होईल, अशी आमची पैज आहे.

स्पेन देशांत मोंद्रागोन नांवाचें एक डोंगराळ गांव आहे. तेथल्या एका पाद्र्यानें १९४३ सालीं कारागिरांच्या मुलांसाठीं शाळा काढली. त्याच शाळेंतल्या मुलांनीं १९५६ सालीं स्वतःच्या मालकीचा छोटा कारखाना काढला, आणि १९५९ सालीं त्या मंडळींची स्वतःची पेढी निघाली. ही पेढी नुसतें कर्ज देऊन थांबत नसे. नवा धंदा काढणाऱ्यांच्या शेजारीं जाणता माणूस बसवून हिशेब, माल, गिऱ्हाईक सर्व तपासून देई. २०१३ सालीं त्यांचा घरगुती उपकरणांचा मोठा कारखाना बुडाला. तेव्हां त्यांतल्या पुष्कळ कामगारांना इतर सहकारी संस्थांनीं आपल्याकडे सामावून घेतलें. बुडाला तो कारखाना. सगळीं माणसें त्याबरोबर बुडालीं नाहींत.

आपल्याला हें जमणार नाहीं काय? ऊंसाच्या बिलांतून टनामागें कपाती होतातच. त्यांत प्रयोग-फंड म्हणून एक रुपया धरा. एखाद्या कारखान्यानें हंगामांत दहा लाख टन गाळप केलें तर दहा लाख रुपये उभे राहतात. हे पैसे जमिनीच्या तारणावर द्यावयाचे नाहींत. कामाची पारख करून द्यावयाचे. प्रामाणिकपणें केलेला प्रयोग फसला तर वसुलीसाठीं कोणाच्या घरावर जप्ती न्यावयाची नाहीं. मात्र पैसे घेणाऱ्यानें ग्रामसभेंत उभें राहून काय केलें, काय मोडलें, कां मोडलें, तें सर्वांना सांगितलें पाहिजे. दुसऱ्यानें तोच खड्डा पुन्हां खणूं नये, एवढ्याचसाठीं ही अट. फंडाच्या कमिटींत एक लोहार किंवा सुतार, एक जिराईतवाला आणि दोन बाया असल्याच पाहिजेत. आणि संचालकांचे मेहुणे-जांवई अर्जदारांत नकोत. हें शेवटचें कलम विनोदानें घेऊं नका. तें नसेल तर बाकीचीं कलमें कागदावर राहतील.

कोणी म्हणेल, आमच्या घामाचा रुपया लोहाराला कां? अहो, आपल्या वाडवडिलांनीं ऊंस बांधावरून पाहून उचलला. ज्यांनीं आधीं धोका पत्करला त्यांना त्यांनीं काय दिलें? त्यांच्या तोट्यांतून आपण फुकट शिकलों.

कारखान्यांच्या वार्षिक सभा दरसाल भरतात. विषय आधीं लेखी कळविला नाहीं तर आयत्या वेळीं कोणी घेत नाहीं. म्हणून ठरावाचा कागद आम्हीं लिहून आणला आहे. जे सभासद आहेत त्यांनीं जातांना सही करून जावें. जे सभासद नाहींत, त्यांनीं आपल्या मनांतलें अवजार, बी किंवा धंदा काय आहे तें दुसऱ्या कागदावर लिहून द्यावें. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांचें आमचीं मुलें लिहून घेतील. दोन्ही कागद दाराजवळच्या मेजावर आहेत.