प्राणिसंग्रहालय चालवायचे कोणी?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



महापालिकेचे प्राणिसंग्रहालय खासगी भागीदारीत द्यावे का, हा प्रश्न निघाला की सभागृहात तत्काळ दोन तट पडतात. एकाला खासगी म्हटले की लूट दिसते, तर दुसऱ्याला सरकारी म्हटले की गंजलेले पिंजरे. म्हणून आज मी अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची हकीकत सांगणार आहे. तेथे हा वाद शहराला प्रत्यक्ष निस्तरावा लागला.

मोटारींच्या कारखान्यांवर वाढलेले हे शहर. त्याचे प्राणिसंग्रहालय १९२८ सालचे. गंमत म्हणजे ते शहराच्या हद्दीत नाही, उपनगरात आहे. कारखाने आटले, माणसे उपनगरांकडे गेली, तिजोरी रिती झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये संग्रहालयाचे व्यवस्थापन डेट्रॉइट झूऑलॉजिकल सोसायटीकडे सोपवण्याचा प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला आणि फेटाळला गेला. परिषदेचा विरोध निव्वळ आडमुठेपणाचा नव्हता. पूर्वजांनी उभारलेले वैभव एकेक करून उपनगरांतील सधनांच्या हाती जात आहे, ही बोच त्यामागे होती. पण स्वाभिमानाने प्राण्यांचे पोट भरत नाही. संग्रहालयाला टाळे लागणार अशी चिन्हे दिसताच लोक खवळले आणि मार्चच्या आरंभी त्याच परिषदेने प्रस्ताव मान्य केला.

मालकी शहराचीच राहिली. दैनंदिन कारभार तेवढा संस्थेकडे गेला. ही संस्था भागधारकांना लाभांश वाटणारी कंपनी नव्हे. अनेक दशके याच संग्रहालयासाठी निधी जमवणारी ती धर्मादाय संस्था आहे. आपण 'खासगी' हा एकच शब्द दोघांनाही लावतो आणि तिथेच चर्चेचा घोळ होतो.

खासगी हाती दिले की सार्वजनिक पैसा लागत नाही, हाही भ्रमच. ऑगस्ट २००८ मध्ये, मंदीच्या ऐन तोंडावर, तेथील तीन परगण्यांच्या मतदारांनी संग्रहालयासाठी स्वतःवर कर लावून घेतला : मालमत्तेच्या करपात्र मूल्यातील दर हजार डॉलरमागे दहा सेंट. जुलै २०१३ मध्ये डेट्रॉइट महानगराने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हाही संग्रहालयाचे दरवाजे उघडे होते.

आता त्याआधीची एक गोष्ट. विंकी आणि वांडा या तेथील दोन वयस्क हत्तिणी. गोठवणाऱ्या हिवाळ्यात त्यांना महिनोन्‌महिने आत कोंडून ठेवणे योग्य नाही, असे संचालकांनी ठरवले आणि एप्रिल २००५ मध्ये त्यांना कॅलिफोर्नियातील अभयस्थानात पाठवले. हत्ती म्हणजे गर्दी खेचणारा हुकमी एक्का. तिकिटांच्या उत्पन्नावर नफा मोजणारा ठेकेदार असा निर्णय घेईल काय? मला शंका आहे. कराराची मुदत फार तर काही वर्षांची. हत्ती साठी गाठतो.

आपल्याकडेही हा प्रयोग झालेला आहे. नागपूरजवळच्या गोरेवाड्याचे प्राणिउद्यान वनविकास महामंडळ आणि एस्सेल वर्ल्ड यांच्या भागीदारीत आखले गेले; तेथील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. व्यवस्थापन कोणाचेही असो, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागतेच. आणि तिकीटवाढीचे खापर केवळ खासगीवर फोडू नये. मुंबईच्या राणीच्या बागेत पेंग्विन आल्यावर २०१७ मध्ये प्रौढांचे पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले, ते महापालिकेच्याच कारभारात.

त्याच बागेच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. महापालिका, 'इंटॅक' आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्या २००३ सालच्या त्रिपक्षीय करारातून त्याचा जीर्णोद्धार झाला व २००८ मध्ये ते पुन्हा खुले झाले. भागीदारीचे समर्थक हा दाखला हमखास देतात. दाखला खराच आहे. मात्र तेथील वस्तूंना भूक लागत नाही, त्या आजारी पडत नाहीत.

म्हणून आपल्या शहरात असा प्रस्ताव आला, तर तिकिटाच्या दरापूर्वी मसुद्यातील दुसरी कलमे वाचा. पशुवैद्य कोणाला उत्तरदायी आहे? हिशेब नागरिकांना पाहता येईल का? आणि भागीदार अर्ध्यावर निघून गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाघाला मांस कोण घालणार? त्या खर्चाची रक्कम आधीच बाजूला ठेवलेली आहे काय, हे आपल्या नगरसेवकाला विचारा आणि उत्तर लेखी मागा.