सार्वजनिक ठिकाणची मद्यधुंदता : कायदा आणि आपली साक्ष



सप्तव्यसनांतील मद्याविषयी आपण प्रवचनांतून वारंवार श्रवण केले आहे. त्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी कापडाचा व्यापारी. विश्वस्तांनी माझ्याकडे कायद्याची बाजू सोपविली, ती बहुधा बाजारपेठेतील माणसाला सायंकाळनंतर रस्त्यावर काय चालते हे दिसते म्हणून.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५१० होते. नशेत सार्वजनिक ठिकाणी येऊन इतरांना उपद्रव देणाऱ्यास २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. दीडशेहून अधिक वर्षे हे दहा रुपये दहाच राहिले! इतका काळ न हललेला दुसरा भाव मी कोणत्याही खतावणीत पाहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५५ लागू झाले. दंडाची मर्यादा १००० रुपये झाली आणि न्यायालयास सामाजिक सेवेची शिक्षाही देता येऊ लागली. ज्याने चौक घाण केला त्याच्या हाती झाडू देणे, हे मला दंडाहून अधिक परिणामकारक वाटते.

आपल्या राज्यात याशिवाय १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे. त्याचे कलम ८५ रस्ता आणि जनतेस प्रवेश असलेली कोणतीही जागा यांना लागू पडते. परवाना खिशात आहे म्हणून रस्त्यावर बेताल वागण्याची मुभा मिळते, हा अनेकांचा समज चुकीचा आहे. परवाना पिण्याचा असतो, धिंगाण्याचा नव्हे.

वाहन चालविणाऱ्यासाठी नियम आणखी कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. हे मी मुद्दाम सांगतो. अलीकडे आपल्याही काही विवाहसमारंभांत मंडपामागे काय चालते, आणि मध्यरात्री तेथून मोटारी कोण चालवीत नेतो, हे या सभागृहातील पालकांना ठाऊक आहे.

आपल्या जिल्ह्याने या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली आहेत. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारू बंद झाली. त्या काळात मद्यपींना मंदिराजवळच्या खांबाला बांधून मारही दिला गेला. गावाचे परिवर्तन मोठे आहे, परंतु तो खांब मला पटत नाही. शिक्षा न्यायालयाने द्यावी. दुसरे टोक नगर तालुक्यातील पांगरमलचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, तेथे विषारी दारूने अनेकांचा बळी घेतला. त्यापूर्वीच, २०१६ मध्ये, ग्रामरक्षक दलाची तरतूद कायद्यात आली होती. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ मतदानाने भगिनींनी कित्येक ठिकाणी दुकाने बंद पाडली, हेही नमूद केले पाहिजे.

मग शहरातील बाजारपेठेत कायदा लंगडा का पडतो? डॉक्टर रक्ताचा अहवाल देतील. परंतु त्या माणसाने रस्त्यात काय केले, हे पाहणाराच सांगू शकतो. आणि पाहणारे आपण, गल्ल्यावर बसलेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण व्यापाऱ्यांनीच काढली असावी.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या खरेदीत एका मद्यपीने आमच्या ओळीत महिला ग्राहकांना अर्वाच्य शिवीगाळ केली. सात-आठ दुकानदार जमले. पोलीस शिपायाने वही उघडताच ओळ रिकामी झाली! मी आणि शेजारचे शिंपी, दोघांनी नावे दिली. तीन तारखा झाल्या, तीन दिवसांची विक्री बुडाली, घरी बोलणी बसली. अखेर त्याने गुन्हा कबूल करून दंड भरला. तो आजही पितो; परंतु आमच्या ओळीतून जाताना मान खाली घालून जातो, आणि सणासुदीला लेकीबाळींना तेवढे पुष्कळ आहे.

विश्वस्तांपुढे मी एक सूचना ठेवली आहे. बाजारातील प्रत्येक ओळीतून दोन जणांनी साक्षीदार म्हणून पुढे येण्याची तयारी नोंदवावी. त्यांच्या तारखेच्या दिवशी शेजाऱ्याने त्यांचे दुकान सांभाळावे. चिटणीसांकडे वही ठेवली आहे. त्यात माझ्या ओळीची दोन नावे लिहून झाली आहेत. पुढची पाने कोरी आहेत.

जय जिनेंद्र.