सीट बदलण्याआधी

राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं १९१७ साली जयसिंगपूर वसवलं, ते सपाट जमिनीवर, सरळ गल्ल्यांचं. जणू सायकलीसाठीच आखलेलं. साठी उलटलेली माणसं अजूनही सायकलीवरून उदगाव, नांदणी करतात. पण उतरली की तक्रारी सुरू: कंबर धरली, मान आखडली, करंगळीला मुंग्या आल्या. मग कुणी सीटला स्पंजचं कव्हर चढवतो, कुणी हँडल उंच करून घेतो. थोडा फरक पडतोही. दुकानदाराला तर नक्कीच.

खरं दुखणं मात्र पुष्कळदा अंगात असतं. सायकलीवर आपलं वजन पायडल, सीट आणि हँडल अशा तीन जागी वाटलं जातं. मांड्या दमदार असल्या की पाय भार उचलतात. पाठ-पोट घट्ट असलं की धड आपलं आपण सावरतं. ते ढिले पडले की सगळं ओझं बुडावर आणि तळहातांवर. तळव्याच्या कडेची नस दबली की करंगळी बधिर. उतारवयात स्नायू झिजतात आणि नुसत्या सायकलीनं ती झीज पुरती भरून निघत नाही. बसून चालवायची, म्हणून हाडांवरही फारसा भार येत नाही.

यावरचा उपाय कोल्हापूर जिल्ह्याला काय सांगायचा? जोर-बैठका! फक्त तालमीतल्या पोरांची शंभरी आपण काढायची नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावं आणि सावकाश बसावं. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया. भिंतीला हात लावून जोर काढावेत. उताणं झोपून, गुडघे मोडून कंबर उचलावी. पाठ सरळ ठेवून कमरेत वाकावं आणि अर्धी बादली पोटाकडे ओढावी. श्वास कोंडू नये. आठवड्यातून दोन दिवस पुरे. जागतिक आरोग्य संघटनाही किमान तेवढंच सांगते. शिवाय पासष्टीनंतर तोलाचे व्यायाम तीन दिवस. दांडीवरून टांग टाकताना क्षणभर एकाच पायावर उभं राहावं लागतं, घात तिथं होतो.

वय झालं म्हणाल, तर फ्रान्सच्या रॉबेर मारशाँ यांनी २०१२ साली, शंभराव्या वर्षी, तासात २४.२५ किलोमीटर सायकल चालवली होती. मग सरावात जोर वाढवला आणि २०१४ साली २६.९२७ किलोमीटर काटले.

आपल्याला अंकलीचा पूल आरामात ओलांडता आला तरी पुष्कळ. दोन महिने हे करा, तोवर जुनी सीट राहू द्या. बधिरपणा टिकला किंवा छातीत दुखलं, तर मात्र आधी डॉक्टर.