तिन्ही बाजूंनी पाणी



माणूस पन्नाशी ओलांडून पुढं गेला की त्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक तब्येतीचा आणि दुसरा गावाकडच्या जमिनीचा. मला हल्ली दुसराच जास्त विचारतात. ‘गावाकडं काय भाव चाललाय? विकायची का?’ सोलापुरात राहून मी कविता लिहितो, पण कवितेचं कुणी विचारत नाही. असो.

माझं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर. तिन्ही बाजूंनी पाणी आणि एका बाजूनं डांबरी रस्ता. पावसाळ्यात धरण भरलं की तो रस्ताही उगीच ठेवल्यासारखा वाटतो. आमच्याकडं अशी बेटासारखी झालेली गावं बरीच आहेत. ती मुळात बेटं नव्हती. भीमेच्या काठावरची साधी, काळ्या रानाची गावं होती. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, पण पाणी त्याच्या आधीपासूनच चढायला लागलं होतं. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. अब्बांनी बैलगाडीत दाराच्या चौकटी, जातं आणि कोंबड्यांची खुराडी भरली आणि आम्ही वरच्या माळावर राहायला गेलो. खाली गाव राहिलं, विहीर राहिली, कब्रस्तान राहिलं.

उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. कागदावर तो मृत असला तरी आमच्या भागात माणसं त्याच पाण्यावर जगतात. माळावर कुसळं उगवायची, तिथं ऊस आला, केळी आली. कंदर भागातली केळी परदेशात जाते. ज्यांचं गाव बुडालं त्यांच्याच नातवांनी पाण्यावर पक्की घरं बांधली. धरणानं घेतलं तसं दिलंही, हे सांगितलं नाही तर बोलणं खोटं पडेल.

पण या जगण्याची दुसरी बाजू मे महिन्यात दिसते. पाणी मागं सरतं तशा मोटारी खाली सरकवाव्या लागतात. आज शंभर फूट पाइप जोडायचा, आठ दिवसांनी पुन्हा शंभर. मग चारी खोदायची. 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा लोकांनी केबल आणि पाइपावर जेवढा पैसा घातला, तेवढा उसातनं निघाला नाही. शिवाय हे पाणी पुण्याकडून येतं ते सगळी घाण घेऊन येतं. उन्हाळ्यात हिरवं पडतं, वास मारतं. चिलापी मासा तेवढा मजेत असतो.

आणि वाट. समोरच्या काठावर इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो. तिकडच्या मशिदीतली अजान वारा असला की ऐकू येते. माझी थोरली बहीण, आमची आपा, त्याच काठावर दिली आहे. होडीनं अर्धा-पाऊण तास, रस्त्यानं गेलं तर निम्मा दिवस. म्हणून सगळे होडीनंच जातात. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. त्या रात्री आपाचा फोन लागेपर्यंत आम्ही कुणी जेवलो नाही. त्या दिवशी ती घराबाहेर पडलेलीही नव्हती, पण मनाला कोण सांगणार?

आता कुगाव ते शिरसोडी पुलाला मंजुरी मिळाली आहे. पुलाची बातमी आली आणि तिच्या मागोमाग पांढऱ्या गाड्या आल्या. ज्या गावात मुलगी द्यायला लोक का-कू करायचे, तिथं जमीन घ्यायला पुण्याहून माणसं येऊ लागली. त्यांना केळीचं रान नको, उसाचं नको. त्यांना पाण्याला लागून असलेला तुकडा हवा. तिथं घर बांधायचं, रोहित पक्षी बघायचे.

आमचं दोन एकराचं रान असंच पाण्याला लागून आहे. धाकट्या भावानं गिऱ्हाईक आणलं. भाव असा सांगितला की भाऊ दोन वेळा मोबाइलवर हिशेब करून बसला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मोटारी सरकवून त्याची कंबर गेली. मी शहरात पंख्याखाली बसून ‘वाडवडिलांची माती’ म्हणायला मोकळा.

मी गावात जाऊन कागद काढले. तेव्हा जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे. सातबाऱ्यावर आमचं रान जिथं संपतं, त्याच्या खाली धरणासाठी संपादित झालेली जमीन आहे. उन्हाळ्यात ती उघडी पडते, तिथं लोक गाळपेर करतात. ती डोळ्यांना आपलीच वाटते, पण ती सरकारची. व्यवहार करताना मात्र गिऱ्हाइकाला पाण्यापर्यंतचं सगळं रान हात करून दाखवतात. तेव्हा घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानंही आधी मोजणी करून घ्यावी. पुनर्वसनात मिळालेली जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. या गोष्टी इसार घेण्याआधी बघायच्या असतात, नंतर नव्हे.

मग सह्यांचा प्रश्न आला. आपाचं नाव सातबाऱ्यावर आहे. भाऊ म्हणाला, ‘तिचा हिस्सा तिला देऊ, ती नाही म्हणणार नाही.’ आम्ही दोघं होडीनं तिच्याकडं गेलो. तिनं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते कुंपण घालणार का?’

भाऊ म्हणाला, ‘घालणारच की.’

‘मग खाली कुठनं उतरायचं?’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्या बांधावरनं पाण्याकडं एक वाट जाते. कागदावर ती कुठंच नाही. तिथनं भोयांची जाळी जातात, दहा-बारा जणांच्या मोटारींचे पाइप जातात. आणि फारच पाणी आटलं तर त्याच वाटेनं आम्ही खालच्या कब्रस्तानापर्यंत जातो. कबरी आता दिसत नाहीत, गाळ बसलाय. चिंचेचं एक खोड उरलंय, त्यावरनं अंदाज घेऊन दादांसाठी, म्हणजे आजोबांसाठी, फातिहा म्हणायचा.

आपा म्हणाली, ‘सही करते. पण वाट आणि पाइप खरेदीखतात लिहून घ्या.’

गिऱ्हाइकाला तसं कळवलं. ते गृहस्थ सभ्य होते. ‘विचार करून सांगतो’ म्हणाले. त्याला पाच महिने झाले. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतो. बकरी ईदला आला, पण जेवायला थांबला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो कदाचित. त्याच्या मोटारीच्या खर्चातला निम्मा मी उचलायचं ठरवलं आहे. हे मी वीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

तेव्हा कुणी विचारलं, ‘विकायची का?’ तर मी म्हणतो, विका. गरज असेल तर जरूर विका. पण आपल्या रानातनं कोण कोण चालतं ते एकदा बांधावर उभं राहून बघा, आणि ते कागदावर आणा. पूल होईल, भाव वाढेल, गावात नवी माणसंही येतील. त्यांनी यावं. पाण्याकडं जायची वाट तेवढी सगळ्यांना राहावी.

पाणी उतरलं की मी आणि आपा खाली जाणार आहोत. भावालाही निरोप धाडला आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)