आकाशातला बांध आणि प्रकाशाची हाक



जोंधळा हुरड्यात आला की शेतात माळा उभा राहतो. माळ्यावर राखणदार बसतो. हातात गोफण, शेजारी गोट्यांचा ढीग. पण रात्रीच्या वेळी बांध ओलांडून कोणी आत शिरताना दिसले, तर राखणदार एकदम गोफण फिरवीत नाही. तो आधी हाक देतो, "कोण हाय रं तिकडं?" वाट चुकलेला पांथस्थ असेल तर तो ओ देतो आणि माघारी वळतो. हाक न देताच धोंडा सोडणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही. हीच गोष्ट आज आपल्याला आकाशाच्या बाबतीत पाहावयाची आहे.

आपण म्हणाल, आकाशाला कुठला आला बांध? आहे, बरं का. तो डोळ्यांना दिसत नाही, पण वैमानिकाच्या नकाशावर आखलेला असतो. काही जागांवरून विमान नेण्यास सक्त मनाई असते. आपल्याकडील १९३७ च्या विमान नियमांत अशा जागांची यादीच दिली होती. तीत मुंबईजवळचे ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र होते, तसेच मलबार हिलवरील पारशी समाजाचे अंत्यविधीचे स्थानही होते. एका ठिकाणी सुरक्षिततेचा प्रश्न, तर दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेचा मान.

आता हा न दिसणारा बांध एखाद्या वैमानिकाने चुकून ओलांडला, तर त्याला हाक कशी द्यावयाची? वर रेडिओ असतो हे खरे. पण तो वेगळ्याच लहरीवर लावलेला असेल, किंवा बिघडलेला असेल, तर? हा प्रश्न किती जिवावरचा आहे, ते १ सप्टेंबर १९८३ रोजी जगाला कळले. न्यूयॉर्कहून अलास्कामार्गे सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे एक मोठे प्रवासी विमान रात्रीच्या वेळी वाट चुकले आणि शेकडो किलोमीटर बाजूला, सोव्हिएत हद्दीत शिरले. सोव्हिएत लढाऊ विमानाने तोफेच्या फैरी झाडल्या, परंतु त्या गोळ्या अंधारात चमकणाऱ्या नव्हत्या. आपल्याला कोणी हटकीत आहे याची त्या वैमानिकांना कल्पनाच आली नाही. मग क्षेपणास्त्र सुटले आणि विमानातील सर्वच्या सर्व २६९ माणसे प्राणास मुकली.

श्रोतेहो, हाक दिली गेली असेल, पण ती पोहोचली नाही. न पोहोचलेली हाक आणि न दिलेली हाक यांत मरणाऱ्याच्या दृष्टीने काय फरक?

पुढच्याच वर्षी, मे १९८४ मध्ये, राष्ट्रांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीच्या करारात एक कलम वाढविले. उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालविण्यापासून प्रत्येक देशाने दूर राहावे, आणि विमान अडविताना आतील माणसांचे जीव धोक्यात घालू नयेत, असे त्यात म्हटले आहे. कलम झाले, पण हाक देण्याचे साधन?

त्याची निकड अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे दिसून आली. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्या शहराभोवतीच्या आकाशावर कडक निर्बंध आले. आणि त्यात चुकून शिरणारी विमाने बहुतेक कोणाची? शत्रूची नव्हेत, हौसेने उडणाऱ्या साध्या माणसांची! ११ मे २००५ रोजी पेनसिल्व्हेनियाहून नॉर्थ कॅरोलिनाकडे निघालेले दोन आसनांचे एक छोटे सेस्ना विमान असेच भरकटले. ते राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापासून सुमारे तीन मैलांवर येऊन ठेपले. संसदभवन रिकामे करण्यात आले, हजारो माणसे रस्त्यावर धावली. लढाऊ विमानांनी जळते गोळे सोडून इशारा दिला, तेव्हा कुठे ते वळले. आता पाहा, त्या चिमुकल्या विमानाच्या बरोबरीने लढाऊ विमान उडविणे म्हणजे बैलगाडीच्या शेजारून मोटारसायकल पळविणे. सावकाश गेली तर पडते, वेगाने गेली तर पुढे निघून जाते. नुसत्या गैरसमजातून दोन माणसांवर केवढा प्रसंग ओढवला असता!

नवे साधन त्या वेळी तयार होतेच. दहाच दिवसांनी, २१ मे २००५ रोजी, ते वॉशिंग्टनमध्ये कामास लागले. ते साधन म्हणजे लेसरचा प्रकाश.

लेसर म्हणजे काय? शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. बॅटरीचा झोत भिंतीवर पाडा आणि हळूहळू मागे सरका. प्रकाशाचे वर्तुळ मोठे होत जाते आणि फिके पडते. साधा प्रकाश असा फाकतो. लेसरचा प्रकाश मात्र एकाच रंगाचा असतो आणि फारच थोडा फाकतो. म्हणून तो दूरवर पोहोचतो. पहिला लेसर थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीपासून मिळविला.

वॉशिंग्टनची यंत्रणा अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेने तयार केली. जमिनीवरून कॅमेऱ्याने विमान हेरतात आणि नेमक्या त्याच विमानावर प्रकाश टाकतात. लाल, लाल, हिरवा. पुन्हा लाल, लाल, हिरवा. हवा स्वच्छ असेल तर पंधरा-वीस मैलांवरूनही तो दिसतो. नुसता लाल का नाही? कारण शहरात लाल दिवे ठिकठिकाणी असतात. शाळेत तास संपल्याचा टोल वेगळा आणि शाळा सुटल्याची घणघण वेगळी असते ना? ती ऐकताच पोरे दप्तर उचलतात. तसाच हा ठरलेला क्रम आहे. तो दिसताच वैमानिकाने समजावयाचे, की ही खूण आपल्यालाच आहे. रेडिओवर नियंत्रकांशी बोलणे चालू असेल तर त्यांना लगेच सांगावयाचे. नसेल तर ताबडतोब मनाई असलेल्या भागाच्या मध्यापासून दूर वळावयाचे आणि त्यांच्याशी संपर्क साधावयाचा. तसे न केल्यास लढाऊ विमाने येऊ शकतात, बळाचाही वापर होऊ शकतो. म्हणजे हाक आधी, धोंडा मागून.

प्रत्येक हाक कामास येते असे नाही. ४ जून २०२३ रोजी एक छोटे जेट विमान वॉशिंग्टनवरून गेले. लढाऊ विमाने जवळ गेली, जळते गोळे सोडले. पण वैमानिक काहीच प्रतिसाद देत नव्हता. अखेर ते विमान व्हर्जिनियाच्या डोंगरात कोसळले आणि चौघे दगावले. हाक पोहोचावयास समोर जागा माणूस लागतो, हेही खरेच.

आता आपल्या घरची गोष्ट. वैमानिकाच्या डोळ्यांना इजा होऊ नये अशा बेताने वॉशिंग्टनचा तो प्रकाश ठेवलेला असतो. पण बाजारात मिळणारा, मिरवणुकीत नाचविला जाणारा लेसर तसा नसतो. विमान उतरत असताना त्याचा झोत काचेवर पडला की सगळी काच उजळून निघते आणि वैमानिकाला समोरची धावपट्टीच दिसेनाशी होते. अमेरिकेत २०१२ पासून विमानावर लेसर रोखणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. आपल्याकडेही पुणे-मुंबईसारख्या शहरांत विमानतळाच्या परिसरात असे झोत सोडण्यास पोलीस मनाई करतात. गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना हे जरूर सांगावे. हौसेने आकाशाकडे रोखलेला तो हिरवा धागा कोणाच्या तरी डोळ्यांत जातो, आणि त्या डोळ्यांच्या भरवशावर शेकडो माणसे बसलेली असतात.

प्रकाश तोच, एकाच्या हातात तो वाट दाखवितो, दुसऱ्याच्या हातात आंधळे करतो. बांधावर उभे राहणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चुकणारा प्रत्येक जण चोर नसतो. आणि आपली हाक त्याला कळेल अशी द्यावी.