लेखणीचे उपकार





लेखनकलेचा जन्म काव्यासाठी झाला नाही. सुमारे 5,000 वर्षांपूर्वी सुमेर देशातील लोकांनी धान्याचा व जनावरांचा हिशेब ठेवण्यासाठी ओल्या मातीच्या फलकांवर खुणा उमटविल्या. पुढे याच कलेने मनुष्याच्या विचारास स्थैर्य दिले. मुखातील शब्द वाऱ्यावर विरतो. लिहिलेला शब्द पुन्हा पाहता येतो, ताडता येतो आणि चुकला असल्यास सुधारता येतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 साली, प्रवरातीरी नेवासे येथे श्रीज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. संस्कृतात कोंडलेले ज्ञान मराठीत आले, आणि पोथीत उतरल्यामुळे ते गावोगाव पोचले. परंतु नकलांवरून नकला होता होता त्यात अपपाठ शिरले. तेव्हा पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके 1506 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. श्रद्धा अढळ असली तरी प्रत तपासून घ्यावी, हा धडा हस्तलिखितांनीच आपणांस दिला.

राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपतीबोवा (1715–1790) हे कुळकर्णी. गावचे दप्तर जाणणाऱ्या त्या लेखणीने इ. स. 1762 साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला. त्यात शिंपी, कुंभार, माळी, चांभार, दासी अशा सर्वांच्या भक्तीस मानाचे स्थान मिळाले. एरवी दप्तरात ज्यांचा उल्लेख केवळ साऱ्यापुरता व्हावयाचा, त्यांची चरित्रे घरोघर वाचली जाऊ लागली. लेखणीने समाज बदलतो तो असा.

आता थोडे आमच्याविषयी. जुने घर पाडताना आजोबांच्या हातचे मोडी कागद व एक पोथी असे बासन आम्हांस सापडले. आम्हांस मोडी येत नव्हती. कोणाचा पाय लागू नये, या सद्भावनेने आम्ही ते प्रवरेत विसर्जित केले. जन्मभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेणाऱ्या मास्तराने आपल्याच घरची अक्षरे पाण्यात सोडली! त्यात काय लिहिले होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

म्हणून हात जोडून विनंती की, माळ्यावरचे बासन नदीत सोडण्यापूर्वी जाणकारास दाखवावे. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय किंवा 1910 साली स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ येथे विचारावे. तसेच प्रत्येक कुटुंबातील एका तरी मुलाने वा मुलीने मोडी शिकावी. पूर्वजांनी लिहून ठेवले. वाचणारा घरात असावा, एवढेच आपले कर्तव्य आहे.

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.